कुलूप ज्याचं, त्यानेच काढायचं

मिस्त्री परक्या ठिकाणी कधी झोपत नसे. घरी, स्वतःच्या गादीवर, दाराला आतून कडी घातली की झोपायचा. पण इतर कुठे डोळा लागेल तर शपथ. लांबच्या प्रवासात सगळी बस माना टाकून घोरत असायची आणि हा एकटा टक्क जागा, जसं काही गाडी याच्याच डोळ्यांवर चालली आहे. न्हाव्याच्या खुर्चीत भल्याभल्यांचे डोळे मिटतात, याची नजर वस्तऱ्यावरून हलत नसे. दाढ काढायची वेळ आली तेव्हा हिरडी बधिर करू नका म्हणून हट्ट धरून बसला. दातांच्या डॉक्टरांनी शेवटी हात जोडले, म्हणाले, तुम्हाला सोसेल हो, मला नाही सोसणार. कंपनीत त्याला घुबड म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

हे नाव ठेवलं जाड्याने. जाड्या म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. एकेकाळी तो खरोखरच जाडा होता. मग साखरेचं दुखणं मागे लागलं आणि माणूस वाळून पार काटकी झाला, पण नाव काही वाळलं नाही. दोघे मिळून लिफ्टची कामं करत. शहरातल्या जुन्या उंच इमारती त्यांच्याकडे होत्या. लिफ्ट बंद पडली की जायचं, तारा तपासायच्या, ब्रेक घट्ट करायचे, तेलपाणी बघायचं. माणसं लिफ्टमध्ये शिरतात, बटण दाबतात, आरशात केस सारखे करतात आणि उतरून जातात. आपण मघाशी तारांना लोंबकळत होतो हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि ते येऊ नये म्हणूनच या दोघांना पगार होता.

या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याच्या शेजारी पुन्हा कुणी कामाला उभं राहत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं असेल किंवा टपावर चढायचं असेल, तर आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच पाडायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली आपल्याच खिशात. मग बाहेर कुणीही येवो, मालक येवो की मंत्री, तुम्ही आत असताना ती लिफ्ट हलत नाही. दोघे आत जाणार असतील तर दोन कुलपं. कुलूप ज्याचं, त्यानेच काढायचं. सख्ख्या भावालाही किल्ली द्यायची नाही. आणि कुलूप काढल्यावर लगेच स्विच वर करायचा नाही. आधी आत हाक मारायची, "आत कोणी आहे का?" खालच्या मजल्यावर जोडीदार दार उघडून उभा असतो. तो वर-खाली नजर टाकतो आणि सांगतो, "कोणी नाही." मगच स्विच.

मिस्त्रीचं कुलूप पितळी होतं, जुनं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्या कुशीवर एक खोल ओरखडा होता. बायको घरी शिवणकाम करायची. नवऱ्याच्या प्रत्येक शर्टाला तिने आतून एक चोरखिसा शिवला होता, नुसता त्या किल्लीसाठी. आमच्या ह्यांचा जीव किल्लीत आणि किल्ली माझ्या शिवणीत, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मग ब्लाउजचं माप घ्यायची.

त्या ओरखड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मिस्त्री आणि जाड्या दोघांनाही काम शिकवलं ते उस्तादांनी. उस्ताद म्हणजे तोंडाने फाटके आणि हाताने सोनं. चूक झाली की पान्ह्याने बोटांवर मारत आणि नंतर स्वतःच मलम आणून देत. त्यांना हर्निया होता. एका इमारतीतलं काम अर्ध्यावर असताना ते म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, जाऊन येतो, माझं कुलूप राहू दे तिथेच, आल्यावर मीच काढीन. ऑपरेशन साधंच होतं. पण भूल दिली आणि त्या भुलीतून उस्ताद उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, यांच्या हृदयात आधीपासून दोष होता आणि यांनी तो सांगितला नाही. घरचे म्हणाले, सांगायला त्यांना तरी कुठे ठाऊक होता. कुणाचं खरं ते कळायला आता मार्ग नव्हता.

त्यांची किल्ली काही सापडली नाही. कुलूप कापावं लागणार होतं, आणि ते परक्याने कापू नये म्हणून हे दोघेच करवत घेऊन गेले. मिस्त्रीने कुलूप धरलं, जाड्याने पातं चालवलं. शेजारीच मिस्त्रीचं कुलूप होतं. एकदा पातं घसरलं ते त्याच्यावर. उस्तादांचं कुलूप तुटून हातात आलं, मिस्त्रीने आपलं किल्लीने उघडून काढलं. मग सवयीने जाड्या खालच्या मजल्यावर जाऊन उभा राहिला आणि मिस्त्रीने सवयीनेच हाक मारली, "आत कोणी आहे का?" खालून उत्तर येईना. मिस्त्री वाट बघत राहिला. जाड्या दाराशी उभा होता, आत बघत होता, आत कुणी नव्हतं, आणि 'कोणी नाही' हे दोन शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघत नव्हते. शेवटी दोघे स्विच तसाच सोडून निघून गेले. लिफ्ट नंतर दुसऱ्याच कुणी चालू केली.

तेव्हापासून मिस्त्रीला भुलीची भीती होती. मरणाची होती असं नाही. रोज खड्ड्यात उतरणाऱ्याला मरणाची भीती बाळगून चालत नाही. त्याला भीती होती ती याची, की आपला स्विच दुसरं कुणीतरी पाडणार, किल्ली त्याच्या खिशात असणार, आणि आपण आत आहोत हे सांगायला आपण जागे नसणार. हे तो कुणाला बोलला नव्हता. बोलायची वेळच आली नव्हती.

मग पित्ताशयात खडे निघाले. पहिली कळ आली तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात होता. पोटात कुणीतरी मूठ घालून पिळावं तसं झालं आणि तो ग्रीसच्या डब्यावर आडवा झाला. जाड्याने त्याला काखेत हात घालून वर ओढलं. सर्जन म्हणाले, पित्ताशय काढून टाकू, दुर्बिणीने काढू, फार काही नाही. मिस्त्रीने विचारलं, नुसतं कमरेत इंजेक्शन देऊन नाही का होणार? सर्जन म्हणाले, नाही, याला पूर्ण भूल लागते. मिस्त्री बरं म्हणाला आणि घरी आला.

पहिली तारीख मेहुण्याच्या मुलीच्या लग्नावर गेली. या लग्नाला तो एरवी आहेर पाठवून मोकळा झाला असता, पण आता मांडव घालण्यापासून जातीने हजर. दुसरी तारीख खोकल्यावर गेली. तो खोकला त्याने असा जपला की लोक पोटची पोरं तेवढी जपत नाहीत. रोज थंड पाणी काय पीत होता, पंख्याखाली उघडा काय बसत होता. बायकोला सगळं दिसत होतं. ती बोलली नाही, पण मशीनवर बसली की पाय जरा जोरात चालवायची. मग एकदा कळ आली ती थांबेचना आणि अंगात ताप भरला. औषधांनी तो उतरला, पण सर्जननी या वेळी मिस्त्रीशी न बोलता बायकोशी बोलणं केलं. आता सूज उतरलीय तोवर उरकून घेऊ, पुढच्या वेळी ते आतल्या आत फुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तारीख ठरली आणि ती आता हलणार नव्हती.

तारीख ठरल्यावर मिस्त्री घाबरेल, रडेल, निदान चिडेल, असं बायकोला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. तो नुसता शांत झाला. समोर ठेवलं ते जेवत होता, पण मीठ कमी असलं तरी बोलत नव्हता. टीव्ही बघत होता, पण कुणी मध्येच चॅनल बदललं तरी तसाच बघत राही. त्याने घरातल्या सगळ्या टपकणाऱ्या नळांचे वॉशर बदलले, गॅसची नळी बदलली, कोणता फ्यूज कुठला ते बायकोला समजावून सांगितलं. भूल द्यायला अजून अवकाश होता, पण अर्धी त्याला आधीच चढली होती. बायको सांगायची, अहो, असं आवरायला काय घेतलंय, आठवड्यात घरी येणार आहात. तो म्हणायचा, हो, येणारच आहे. आणि पुढचा वॉशर काढायला घ्यायचा.

ॲडमिट व्हायच्या दिवशीही तो सकाळी कामावर गेला. एका सात मजली इमारतीत दोन लिफ्ट होत्या, त्यातल्या एकीच्या ब्रेकचे पट्टे बदलायचे होते. जाड्या त्या दिवशी दुसरीकडे होता. मिस्त्रीने आपलं कुलूप लावलं, पट्टे बदलले, ब्रेक नीट बसवला, हत्यारं पुसून पिशवीत भरली, हात धुतले. मग दुसऱ्या लिफ्टने खाली उतरला आणि बसच्या थांब्यावर येऊन उभा राहिला. तिथे सवयीने हात चोरखिशाला लागला तेव्हा लक्षात आलं, किल्ली आहे. म्हणजे कुलूप वर स्विचलाच आहे.

इमारत समोर दिसत होती. जाऊन यायला फार वेळ लागला नसता. विसरलो म्हणायला इथवर जागा होती, इथून पुढे नव्हती. त्याला वाटलं, सगळं आवरलं आपण, नळ आवरले, फ्यूज आवरले, आता हेही काढून टाकलं की मागे आपलं म्हणून काहीच राहणार नाही. एक तरी काम राहिलेलं असू दे, ज्यासाठी आपल्यालाच परत यावं लागेल. आणि लगेच वाटलं, उस्तादांनीही असंच ठेवलं होतं. एक विचार परत जा म्हणत होता, दुसरा जाऊ नको म्हणत होता, आणि दोन्ही ऐकताना त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. बस आली. तो चढला.

हॉस्पिटलात संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर भेटायला आल्या. चाळिशीच्या असतील. केस घाईत बांधलेले, पायात मऊ चपला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारायला सुरुवात केली. दात कुठला हलतो का, दम लागतो का, जिने चढता का. बायको मध्येच म्हणाली, दिवसभर तेच करतात. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, असं विचारल्यावर मिस्त्रीने उस्तादांचं सांगितलं. घरातले नव्हते, पण घरातल्यासारखेच होते म्हणाला. डॉक्टरांनी ते घाईने उडवून लावलं नाही. कधीची गोष्ट, काय वय होतं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्या हृदयाच्या तपासण्या मी स्वतः बघितल्यात, तुमचं यंत्र ठीक आहे. शंभरात शंभर खात्री कुणीच देत नाही, मीही देणार नाही, पण काळजी वाटावी असं मला काही दिसलेलं नाही.

"भीती वाटते का, काका?"

"नाही. काहीच वाटत नाही."

"चालतं. वाटलंच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

तेव्हा मिस्त्रीने विचारलं, "मॅडम, मधे तुम्ही कुठे जाता का?"

"कुठे म्हणजे?"

"मी झोपल्यावर. चहाला वगैरे. किंवा दुसऱ्या पेशंटकडे."

बायकोने नवऱ्याच्या हाताला हळूच चिमटा काढला. डॉक्टर मात्र पुन्हा खाली बसल्या. "तुम्हाला झोपवणार मी, आणि उठवणारही मीच. मधला सगळा वेळ मी तुमच्या डोक्याशी असते. पाय दुखले तर स्टुलावर बसते. पण हलत नाही."

मिस्त्रीने मान डोलावली. बोलणं त्याला पटलं, अगदी नियमाप्रमाणे होतं. आश्चर्य एवढंच की पटूनही आत काही हललं नाही. रात्री परिचारिकेने झोपेची गोळी दिली, ती त्याने जिभेखाली धरून नंतर थुंकली. घुबड ते घुबडच.

सकाळी जाड्या आला. हातात काही नाही, दाढी वाढलेली, आणि मुख्य म्हणजे त्याला बोलायला जमत नव्हतं. त्याने खिडकीचं कौतुक केलं, पलंगाच्या चाकांना तेल हवंय म्हणाला. मग म्हणाला की त्या सात मजलीतून ऑफिसला फोन गेलाय, एक लिफ्ट बंद आहे म्हणून लोक ओरडतायत. साहेब म्हणतात, घुबडाकडून किल्ली आण, नाहीतर कुलूप कापा.

मिस्त्रीने चोरखिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. उभ्या जन्मात त्याने ही किल्ली कुणापुढे केली नव्हती, आणि आता पुढे केली ती एखाद्याला काडेपेटी द्यावी तशी. जाड्याने ते बघितलं. त्याने दोन्ही हात मागे नेले आणि पाठीशी धरून ठेवले, मार खाणारं पोर धरतं तसे.

"तुझं कुलूप आहे," तो म्हणाला. "तू येऊन काढ."

"आणि मी आलो नाही तर?"

"मग मला नाही कापता येणार. एकदा कापलं तेवढं पुरे झालं." एवढं बोलून तो निघून गेला. जाताना पलंगाच्या चाकाला एक लाथ मारून गेला.

मग हिरवा गाऊन आला. बायकोने तो उलटून पालटून बघितला आणि एक टीप सरळ असेल तर शपथ, असं म्हणाली. मिस्त्रीने कपडे उतरवले, गाऊन घातला आणि किल्ली हातात घेऊन उभा राहिला. गाऊनला खिसा नव्हता. परिचारिका म्हणाली, हातात काही ठेवायचं नाही, अंगठी, घड्याळ, काही म्हणजे काही नाही. ती वाट बघत होती. तो उभा. ढकलगाडी दाराशी आली तरी तो मूठ उघडेना. आता मात्र बायकोला रडू आलं, पण तिने ते नाकातून ओढून परत नेलं.

"खिसा नाही म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "मी आहे ना."

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "कुणाला देऊ नकोस," म्हणाला.

ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता. त्याने आडवं पडल्या पडल्या छत बघितलं. त्यातला एक चौकोन बाकीच्यांपेक्षा नवा होता, म्हणजे कधीतरी वरून गळलं असणार. कुणीतरी हाताला पट्टा बांधला, छातीला चिकटपट्ट्या लावल्या. डोक्यामागून आवाज आला, "काका, मी आलेय. इथेच आहे." चेहरा उलटा दिसत होता, पण केस तेच, घाईत बांधलेले. त्याला वाटलं, आता तरी भीती वाटायला हवी. तो तिची वाट बघू लागला. नाकावर मास्क आला, हातात काहीतरी गार शिरलं, आणि

"काका. डोळे उघडा. झालं."

घसा खरवडल्यासारखा होता. पोटावर चिकटपट्ट्या होत्या. डोक्याशी त्याच बाई उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, मोठा श्वास घ्या, आणखी एक. त्याने मधला वेळ शोधला. स्वप्न नाही, काळोख नाही, काहीसुद्धा नाही. सिनेमाची पट्टी कापून जोडावी तसा वेळ कापून जोडला होता, आणि कापलेला तुकडा कुठे गेला ते सांगता येत नव्हतं. खोलीत नेल्यावर बायकोने किल्ली पुढे केली, म्हणाली, घ्या तुमचा जीव. तो म्हणाला, असू दे तुझ्याकडे. तिला जरा भीतीच वाटली.

घरी आला तरी तसाच. खायला सांगितलं ते खाल्लं, चालायला सांगितलं तेवढं चालला. शेजारपाजारचे बघायला आले, वाचलात म्हणाले, तो हो म्हणाला. वाचल्याचा आनंद असा कुठेच नव्हता. तो बहुधा त्या कापलेल्या तुकड्याबरोबर गेला होता. जाड्याचा फोन आला नाही. एवढ्या वर्षांचा जोडीदार आणि साधी चौकशी नाही, याचं खरं तर वाईट वाटायला हवं होतं. बायको म्हणाली, तुम्ही करा की फोन. तो म्हणाला, करतो. केला नाही. कुलूप एव्हाना कापलं असणार, आणि ते जाड्यानेच कापलं असणार, म्हणून तोंड दाखवत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

टाके काढले त्या दिवशी तो बायकोला म्हणाला, जरा बाहेर जाऊन येतो. कुठे ते तिने विचारलं नाही. त्याच्या अंगावरच्या शर्टात हात घालून तिने किल्ली चोरखिशात सरकवली आणि वरून थोपटलं.

सात मजलीत एक लिफ्ट चालू होती, दुसरीच्या दारावर 'बंद' अशी पाटी. चालू होती तिने तो वर गेला, गच्चीवर आला, मशीनच्या खोलीचं दार ढकललं. स्विच पाडलेलाच होता. त्याचं पितळी कुलूप होतं तिथे होतं, ओरखड्यासकट. कुणी कापलं नव्हतं. आणि त्याच्या शेजारी दुसरं कुलूप होतं. काळं, जाड, तळाला लाल रंगाचा ठिपका दिलेलं. जाड्याचं.

तो बघत उभा राहिला. मागून इमारतीचा वॉचमन धापा टाकत आला. याला वर जाताना त्याने पाहिलं होतं. आला आणि बरसायलाच लागला. एक लिफ्ट बंद, खाली रांगा लागतात, लोक शिव्या घालतात त्या मला, साहेब स्वतः करवत घेऊन आले होते, पण तुमच्या जोडीदाराने त्यांच्या डोळ्यांदेखत हे दुसरं कुलूप ठोकलं. वर म्हणतो कसा, आत दोन माणसं आहेत, ती बाहेर आल्याशिवाय लिफ्ट चालू होणार नाही.

"मी टॉर्च घेऊन बघितलं हो," वॉचमन म्हणाला. "आत कुणीसुद्धा नव्हतं."

साहेबांनी मग कंपनीतल्या इतरांना कापायला सांगितलं. एकानेही करवत हातात धरली नाही. तेव्हा साहेबांनी जाड्यालाच घरी बसवलं, हे कुलूप काढशील तेव्हा कामावर ये म्हणाले. तो काही आला नाही. मिस्त्रीला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही, असा दम मात्र तो सगळ्यांना देऊन गेला होता.

वॉचमन खाली गेला. मिस्त्रीने चोरखिशातून किल्ली काढली आणि आपलं कुलूप उघडलं. ते हातात आलं. पण स्विच हलणार नव्हता. दुसऱ्याचं कुलूप असताना तो हलतच नाही, त्यासाठीच तर ते असतं. त्याने जाड्याला फोन लावला.

"मी सात मजलीत आहे. किल्ली घेऊन ये."

जाड्याने विचारलं, "आलास बाहेर?"

"आलो."

"येतो. तिथेच थांब, जिने चढू-उतरू नको."

मिस्त्री खोलीच्या उंबऱ्यावर बसला. आणि तिथे, सगळं झाल्यावर, टाके निघाल्यावर, त्याला भीती वाटली. हॉस्पिटलात येऊन जायला हवी होती ती आता आली, आणि एकदम सगळी आली. दात वाजायला लागले. आपण उठलो नसतो तर, असं त्याच्या मनात पहिल्यांदाच स्वच्छ उमटलं. बायको किल्लीवर मूठ मिटून हॉस्पिटलातल्या बाकावर बसून राहिली असती, आणि इथे जाड्या साऱ्या जगाशी भांडत राहिला असता, आत दोन माणसं आहेत म्हणत. तो रडायला लागला. पोट दुखत होतं म्हणून हाताने पोट दाबून धरलं आणि रडला.

जाड्या आला तेव्हा त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दाढी आणखी वाढली होती. त्याने आपली किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं, खिशात टाकलं. मग जिना उतरून खालच्या मजल्यावर गेला. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

मिस्त्री उठला. फरशीत तारा खाली जायला भोक असतं, त्याच्याशी वाकला. आणि त्याने हाक मारली.

"आत कोणी आहे का?"

खाली शांतता. जाड्या बघत असणार, वर, खाली, दोन्हीकडे, नियमाप्रमाणे. मिस्त्री वाट बघत राहिला. उस्तादांच्या वेळी वाट बघितली होती तशीच, एक हात स्विचवर ठेवून.

मग जाड्याचा आवाज आला, फाटका, पण खणखणीत.

"कोणी नाही."

मिस्त्रीने स्विच वर केला.